गृहकर्ज-साहाय्य व त्यावरील आक्षेप, अमेरिकेतील

घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकल्यामुळे जप्तीच्या छायेत आलेल्या कुटुंबांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मध्यवर्ती व राज्य शासनांनी दिलेला दिलासा व निवाऱ्यासाठी केलेला इतर सरकारी खर्च, तसेच या दोहोंच्या उपयुक्ततेविषयी व न्याय्यतेविषयी वेळोवेळी घेतल्या गेलेल्या शंका. या शंकांचे सूर मुख्यतः दोन असून ते परस्परविरोधी आहेत. एका मते असे साहाय्य म्हणजे काटकसरीने राहून वेळच्या वेळी हप्ते भरणाऱ्या करदात्याकडून पैसा घेऊन तो ऐपतीबाहेर कर्ज काढणाऱ्यास देणे होय. दुसऱ्या मते हे साहाय्य मंजूर होते ऋणकोच्या नावाने, पण पडते धनकोच्या पदरात. पहिला आक्षेप अधिक गाजला आहे. उपलब्ध पुराव्याच्या कसोटीस मात्र दुसरा अधिक उतरतो, असे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

कायदेशीर पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये गहाणाची मुदत टळल्यानंतरही रास्त अवधीत रक्कम भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क चॅन्सरी न्यायालयांनी मान्य केला होता. या हक्काला अखेरची मर्यादा घालून तो कायमचा बंद करणे, हा ‘फोरक्लोजर’ या संज्ञेचा मूळ अर्थ. अमेरिकेत ती संज्ञा थकलेल्या कर्जापोटी घर ताब्यात घेऊन लिलावात विकण्याच्या सर्व प्रक्रियेला लावली जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी तारणजप्ती हा शब्द वापरला आहे. ही प्रक्रिया राज्याराज्यांत वेगवेगळी आहे. काही राज्यांत न्यायालयाचा हुकूमनामा आवश्यक असतो, तर काहींत गहाणखतातील अधिकारानुसार न्यायालयाची पायरी न चढताही विक्री करता येते. काही राज्यांत लिलावानंतरही ठरावीक काळात घर सोडवून घेता येते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहते घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाची तूट ऋणकोच्या अन्य मालमत्तेतून वसूल करता येत नाही. ऋणकोला असे संरक्षण देणाऱ्या राज्यांत धनको मुळातच हात आखडता घेतात. राज्यांच्या सीमेलगतच्या भागांतील कर्जांची तुलना करून कॅरेन पेन्स यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, ऋणकोधार्जिण्या कायद्याच्या राज्यांत मंजूर होणारी कर्जे ३ ते ७ टक्क्यांनी लहान असतात. संरक्षणाची किंमत कोणीतरी मोजतच असतो आणि ती बहुधा उद्याचा कर्जदार मोजतो, हा साशंकांचा सर्वांत जुना व सर्वांत भक्कम युक्तिवाद होय.

महामंदीतील प्रयोग : १९३० पूर्वीचे अमेरिकन गृहकर्ज आजच्यासारखे नव्हते. ते बहुधा पाच ते दहा वर्षांच्या मुदतीचे असे व घराच्या किंमतीच्या निम्म्याच्या आसपास मिळे. अनेकदा मुदतभर केवळ व्याज भरून अखेरीस सारी मुद्दल एकरकमी फेडावी लागे, म्हणजे प्रत्यक्षात नवे कर्ज काढून जुने फेडले जाई. उरलेल्या रकमेसाठी चढ्या व्याजाचे दुय्यम गहाण असे. १९२९ नंतर बँका बुडू लागल्या, नवे कर्ज मिळेना आणि जो ऋणको हप्ता कधी चुकला नव्हता तोही मुदत संपताच अडचणीत आला. १९३३ च्या सुमारास दररोज सुमारे एक हजार घरांवर जप्ती येत होती. शेतीच्या पट्ट्यात तर असंतोष उघडपणे पेटला. लिलावात शेजाऱ्यांनी जमून चार-सहा सेंटची बोली करावयाची, परक्याला बोली करू द्यावयाची नाही आणि घेतलेला माल मूळ मालकास परत करावयाचा, असे प्रकार आयोवा व आसपासच्या राज्यांत घडले. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातील ल मार्स येथे जप्तीचे हुकूम न काढण्याचे वचन देण्यास नकार देणाऱ्या चार्ल्स ब्रॅडली या न्यायाधीशास शेतकऱ्यांच्या जमावाने न्यायासनावरून ओढून नेले व त्याच्या गळ्यात दोर अडकविला. राज्यपालास तेथे लष्करी अंमल पुकारावा लागला.

या वातावरणात पंचवीसच्या आसपास राज्यांनी जप्ती तहकुबीचे कायदे केले. मिनेसोटाच्या १९३३ च्या कायद्याने घर सोडवून घेण्याची मुदत वाढवून दिली. त्या काळात ऋणकोने न्यायालय ठरवील ते रास्त भाडे धनकोस द्यावे, अशी अट होती. करारांचे बंधन शिथिल करणारा कायदा राज्यांनी करू नये, असे संविधानात स्पष्ट म्हटलेले असल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १९३४ मध्ये होम बिल्डिंग अँड लोन असोसिएशन विरुद्ध ब्लेझडेल या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा वैध ठरविला. आणीबाणीमुळे नवे अधिकार निर्माण होत नाहीत, पण असलेले अधिकार वापरण्याचे निमित्त निर्माण होते, ही सरन्यायाधीश चार्ल्स एव्हान्स ह्यूझ यांची भूमिका. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी भिन्नमतपत्रिकेत दाखवून दिले की, संविधानातील ते कलम हलाखीच्या काळातील अशाच कायद्यांना आळा घालण्यासाठी लिहिले गेले होते. इतिहास म्हणून पाहता सदरलंड यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. तहकुबीचा आर्थिक परिणामही अनपेक्षित नव्हता. ली ॲल्स्टन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तहकुबी असलेल्या राज्यांत शेतीसाठी खाजगी कर्जाचा पुरवठा घटला.

मध्यवर्ती सरकारने निराळा मार्ग धरला. १३ जून १९३३ रोजी संमत झालेल्या कायद्याने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन हे महामंडळ स्थापन झाले. ते ऋणकोस थेट अनुदान देत नसे. थकलेले कर्ज ते धनकोकडून विकत घेई व त्याबदली धनकोस आपले रोखे देई, आणि ऋणकोस नवे कर्ज करून देई. हे कर्ज घराच्या मूल्यांकनाच्या ८० टक्क्यांपर्यंत, १५ वर्षांच्या मुदतीचे, ५ टक्के व्याजाचे व दरमहा मुद्दलासह फेडावयाचे असे. १९३९ मध्ये व्याज ४·५ टक्क्यांवर आणण्यात आले. २०,००० डॉलरहून अधिक मूल्याचे घर योजनेबाहेर होते. सुमारे १९ लाख अर्ज आले, पैकी दहा लाखांहून थोडी अधिक कर्जे १९३६ पर्यंत दिली गेली व त्यांची रक्कम ३ अब्ज डॉलरहून जास्त भरली. महामंडळाचा नोकरवर्ग ऐन भरात २० हजारांच्या घरात होता. १९५१ मध्ये महामंडळाचा गाशा गुंडाळला गेला, तेव्हा हिशेबात किरकोळ शिल्लकच दिसली.

सरकारी साहाय्याचे पुरस्कर्ते या शिल्लकेचा दाखला आजही देतात. तो तितकासा निर्दोष नाही. महामंडळाने स्वतःच सुमारे दोन लाख घरांवर, म्हणजे दर पाच कर्जांपैकी जवळजवळ एकावर, जप्ती आणली. सरकारी धनको मवाळ होता, पण त्याची सबुरी अमर्याद नव्हती. दुसरे असे की, महामंडळाला स्वस्तात पैसा मिळाला, तो त्याच्या रोख्यांमागे सरकारची हमी होती म्हणून. १९३४ पासून ही हमी व्याजाप्रमाणे मुद्दलासही लागू झाली. तिची किंमत हिशेबात धरली, तर शिल्लक उरत नाही. प्राइस फिशबॅक, जोनाथन रोझ व केनेथ स्नोडन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा हिशेब मांडून करदात्यांवर पडलेला भार बेताचाच होता, असा निष्कर्ष काढला. रोझ यांनी आधीच्या एका लेखात एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. महामंडळाची मूल्यांकने बाजारभावाहून बऱ्याचदा चढी असत. त्यामुळे धनकोंना फारशी सूट न देता आपली बुडीत येणी रोख्यांत बदलून घेता आली. ऋणकोच्या मुद्दलात मोठी कपात क्वचितच झाली. त्याला मिळाले ते दीर्घ मुदत, कमी व्याज आणि घर. धनकोंना या सौद्यात ओढावयाचे तर त्यांना काहीतरी द्यावे लागणारच होते, हे खरे. तरीही ‘ऋणकोंची योजना’ हे तिचे रूढ वर्णन अर्धेच सत्य आहे.

महामंडळाच्या नावाशी आणखी एक काळी बाजू जोडली गेली आहे. १९३५ ते १९४० या काळात त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून वस्त्यांची हिरवा, निळा, पिवळा व लाल अशा चार रंगांत प्रतवारी केली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सर्वत्र लाल रंगात गेल्या. केनेथ जॅक्सन या इतिहासकाराने १९८० च्या दशकात हे नकाशे प्रकाशात आणले. पुढील संशोधनाने थोडी दुरुस्ती केली आहे : महामंडळाची बहुतेक कर्जे नकाशांपूर्वीच दिली गेली होती आणि त्यांत कृष्णवर्णीय ऋणकोही होते. वस्त्यांना वाळीत टाकण्याचे काम मुख्यतः १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या कर्जविमा संस्थेच्या नियमांनी केले. दीर्घ मुदतीचे, मासिक हप्त्यांत मुद्दलासह फिटणारे आजचे गृहकर्ज रुळले, तेही मुख्यतः याच संस्थेच्या विम्यामुळे. लाभाची व अन्यायाची गंगोत्री एकच असावी, हे या क्षेत्रात वारंवार आढळते.

युद्धोत्तर काळातील निवारा-खर्च : १९३७ व १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यांनी सार्वजनिक वसाहती उभारण्याचे धोरण आले. त्यावरील अविश्वासाला सेंट लुइस येथील प्रुइट–आयगो या वसाहतीने चेहरा दिला. १९५० च्या दशकाच्या मध्यात उभ्या राहिलेल्या ११ मजली ३३ इमारती १९७२ पासून सुरुंग लावून पाडण्यात आल्या. बांधकामाचा पैसा मध्यवर्ती सरकारचा, पण देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातून करावयाची, अशी योजना असल्याने वस्ती गरीब होत गेली तशी देखभालही खालावली. हा दोष वास्तुरचनेपेक्षा हिशेबाचा अधिक होता. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच, गरिबास घर बांधून देण्याऐवजी रोख पैसे द्यावेत, असा पक्ष मांडला होता. जुन्या वस्त्या पाडून होणाऱ्या नगर-नवीकरणावर मार्टिन अँडरसन यांनी १९६४ मध्ये कठोर टीका केली. डाव्या बाजूने जेन जेकब्झ यांनीही त्याआधी तीन वर्षे तशीच टीका केली होती.

१९६८ च्या कायद्यातील कलम २३५ ची कथा तारणजप्तीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी घरे विकत घ्यावीत म्हणून व्याजाचा भार सरकारने उचलावयाचा व ऋणकोचा प्रत्यक्ष व्याजदर १ टक्क्यापर्यंत खाली आणावयाचा, अशी ही योजना होती. कर्जाचा विमा सरकारी असल्याने ते बुडाले तरी धनकोचे काही जात नव्हते. मग घराची नीट पाहणी कोण करणार? दलालांनी मोडकळीस आलेली घरे स्वस्तात घेऊन, रंगरंगोटी करून, लाचखाऊ मूल्यमापकांच्या साहाय्याने चढ्या किंमतीस विकली. वर्षा-दोन वर्षांत भट्टी बंद पडली किंवा छप्पर गळू लागले की, नव्या मालकास दुरुस्ती झेपत नसे आणि तो घर सोडून जाई. डिट्रॉइटमध्ये अशी हजारो रिकामी घरे अखेर मध्यवर्ती सरकारच्याच गळ्यात पडली. जानेवारी १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी नव्या गृहअनुदानांना स्थगिती दिली आणि १९७४ च्या कायद्याने कलम ८ खालील भाडे-साहाय्याचे युग सुरू झाले.

भाड्यापोटी दिल्या जाणाऱ्या अधिपत्रांबाबत अर्थशास्त्रज्ञांचे मत बरेच अनुकूल आहे. रक्कम वस्तीस बांधलेली नसून कुटुंबास बांधलेली असते. परंतु ती हक्क म्हणून मिळत नाही. भाडे-साहाय्यास पात्र असलेल्या कुटुंबांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यासच काही ना काही साहाय्य मिळते आणि उरलेली कुटुंबे प्रतीक्षायादीत किंवा तिच्याही बाहेर राहतात. जेथे नवी घरे बांधण्यावर स्थानिक निर्बंध कडक आहेत, तेथे असा पैसा भाडेवाढीच्या रूपाने घरमालकाकडे जातो, असे एडवर्ड ग्लेझर व जोसेफ ग्यूर्को यांसारखे अभ्यासक म्हणतात. ते सर्वाधिक टीका करतात ती गृहकर्जाच्या व्याजावरील आयकर-सवलतीवर. ती खर्चाच्या रकान्यात दिसत नाही, आणि जितके कर्ज व उत्पन्न मोठे तितकी ती मोठी. २०१७ च्या करकायद्याने ती आकसली, कारण सवलतपात्र कर्जाची मर्यादा १० लाखांवरून ७·५ लाख डॉलरवर आली व सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली. गरिबांच्या वसाहतींवर दशकानुदशके कोरडे ओढणाऱ्या अनेकांना ही सवलत कधी ‘साहाय्य’ वाटली नाही, ही बाब नोंदविण्याजोगी आहे.

२००७ नंतरचे संकट : घरांच्या किंमती २००६ मध्ये कळसाला पोहोचल्या व नंतर २०१२ पर्यंत देशभरात सरासरीने चतुर्थांशाहून अधिक घसरल्या. घराच्या किंमतीपेक्षा कर्ज अधिक, अशी स्थिती लक्षावधी कुटुंबांची झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर गेली. २०१० या एका वर्षात दहा लाखांहून अधिक घरे धनकोंच्या ताब्यात गेली. या वेळचा धनको मात्र १९३३ सारखा गावातला नव्हता. कर्जांच्या मोटा बांधून त्यांचे रोखे जगभर विकले गेले होते. हप्ते वसूल करणारी कंपनी वेगळी, रोखेधारक वेगळे, आणि ऋणकोने कोणाशी बोलावयाचे हेच अनिश्चित होते.

जुलै २००८ च्या कायद्याने ३०० अब्ज डॉलरपर्यंतच्या नव्या कर्जांना सरकारी विमा देण्याची तरतूद केली व सुमारे ४ लाख कुटुंबांना लाभ होईल असा अंदाज बांधला. धनकोने मुद्दलाचा मोठा भाग स्वेच्छेने सोडावा अशी अट असल्याने लाभार्थींची संख्या हजाराचाही टप्पा गाठू शकली नाही. ३ ऑक्टोबर २००८ रोजी ७०० अब्ज डॉलरची वित्तसंस्था-बचाव योजना संमत झाली. विधिमंडळातील मते मिळविताना घरमालकांच्या रक्षणाचा तीत आवर्जून उल्लेख केला गेला होता. १८ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ॲरिझोनातील मेसा येथे ७५ अब्ज डॉलरची घोषणा केली. तीस ते चाळीस लाख कुटुंबांची कर्जे फेररचित करण्याचे उद्दिष्ट होते. दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या वायदेबाजारातून दूरचित्रवाणीवर बोलताना रिक सँटेली या वार्ताहराने, ज्या शेजाऱ्याने जास्तीचे स्नानगृह बांधले व आता ज्याला हप्ता भरवत नाही, त्याचे कर्ज फेडण्यास कोण तयार आहे, असा सवाल सभोवतालच्या दलालांना केला आणि शिकागोत ‘टी पार्टी’ भरविण्याची भाषा केली. त्या नावाच्या राजकीय चळवळीचा उगम बहुतेक जण या प्रसंगात पाहतात. बँकांना शेकडो अब्ज डॉलर दिले गेले तेव्हा उसळला नव्हता इतका संताप शेजाऱ्याच्या स्नानगृहाने उसळावा, याचे कारण मानसशास्त्राने शोधावे. बँक दूर असते आणि शेजारी रोज दिसतो, हे एक कारण असू शकेल.

होम अफोर्डेबल मॉडिफिकेशन प्रोग्रॅम, संक्षेपाने हॅम्प, या नावाची ही योजना पुढीलप्रमाणे चाले. ऋणकोचा मासिक हप्ता त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणावयाचा. त्यासाठी आधी व्याज कमी करावयाचे, पण २ टक्क्यांखाली नाही. तेवढ्याने न भागल्यास मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवावयाची आणि तरीही न भागल्यास मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी अखेरीस ढकलावयाचा. तीन महिने नव्या हप्त्याची चाचणी व नंतर कायम फेररचना. प्रत्येक यशस्वी फेररचनेमागे वसुली कंपनीस सुरुवातीस १,००० डॉलर बक्षीस व नियमित राहिल्यास ऋणकोच्या मुद्दलातही वर्षाला तितकीच वजावट, अशी प्रलोभने होती. २००९ अखेर कायम झालेल्या फेररचना सुमारे ६६ हजार होत्या.

अपयशाची कारणे रचनेतच होती. वसुली कंपनीस थकलेल्या खात्यावर विलंबशुल्क मिळे, आणि लिलाव झाल्यास तिची येणी सर्वांत आधी वसूल होत. त्यापुढे हजार डॉलरचे आमिष तोकडे होते. कंपन्यांकडे माणसे नव्हती. कागदपत्रे पुनःपुन्हा मागविली जात व गहाळ होत. चाचणीचे हप्ते एका विभागात जमा होत असतानाच दुसरा विभाग त्याच घराच्या लिलावाची तारीख ठरवीत असे. अशा चाचणीनंतर नकार मिळालेल्या कुटुंबाच्या हातची बचत संपलेली असे व थकबाकी वाढलेली असे, म्हणजे योजनेने त्याचे नुकसानच केले. २०१० च्या शरद ऋतूत, जप्तीची प्रतिज्ञापत्रे न वाचताच हजारोंनी सह्या करून न्यायालयात दाखल केली जात असल्याचे उघड झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्ये व पाच मोठ्या वसुली कंपन्या यांच्यात २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. बेकार झालेल्यास तर ३१ टक्के कशाचे काढावयाचे, हाच प्रश्न होता.

बचाव योजनेचे खास महानिरीक्षक नील बरॉफ्स्की यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, विमान कोसळत उतरत असताना धावपट्टीवर फेस पसरावा तशी ही योजना बँकांच्या उपयोगी पडेल, असे स्पष्टीकरण अर्थमंत्री टिमथी गाइथ्नर यांनी त्यांच्यासमक्ष दिले होते. जप्त्या थांबविण्याऐवजी त्या काळावर पसरल्या, तर बँकांना तोटे पचविता येतात, असा त्याचा भावार्थ. मार्च २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने योजना बंद करण्याचे विधेयक संमत केले, पण सीनेटने ते घेतले नाही. तोवर उजवीकडील व डावीकडील टीकाकार निष्कर्षापुरते एकाच ठिकाणी येऊन पोहोचले होते. योजना २०१६ च्या अखेरीस नव्या अर्जांस बंद झाली. सोळा-सतरा लाख कायम फेररचना झाल्या व त्यांपैकी सुमारे तृतीयांश पुन्हा थकल्या. महानिरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालानुसार अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के नाकारले गेले होते. बचाव योजनेतून गृहसाहाय्यासाठी प्रथम राखून ठेवलेल्या ५० अब्ज डॉलरपैकी सुमारे ३० अब्जच अखेरीस खर्च झाले. ‘उधळपट्टी’ हा शब्द या योजनेस लावणाऱ्यांनी तिजोरीत परत राहिलेली ही रक्कम पाहिली पाहिजे.

नैतिक धोक्याचा प्रश्न : तोटा दुसरा सोसणार असेल तर माणूस बेफिकीर होतो, या वृत्तीस अर्थशास्त्रात नैतिक धोका म्हणतात. गृहकर्जात ती काल्पनिक नाही. २००८ मध्ये एका मोठ्या धनको कंपनीने राज्य सरकारांशी केलेल्या तडजोडीनुसार थकबाकीदारांस सवलती जाहीर झाल्या, तेव्हा तोवर नियमित असलेल्या काही ऋणकोंनी हप्ते थांबविल्याचे ख्रिस्तोफर मेयर व सहकाऱ्यांनी आकडेवारीने दाखविले. म्हणजे सवलत मिळण्यासाठी थकणे आवश्यक केले, तर काहीजण थकतात. तथापि त्यांचे प्रमाण माफक होते. बहुतेक जप्त्यांमागे किंमत घटणे व उत्पन्न जाणे हे दोन आघात एकत्र आढळतात. केवळ घराची किंमत कर्जाहून कमी झाली म्हणून ऐपत असताना घर सोडणारे थोडेच असतात.

फेररचना फायद्याची असेल तर धनको ती आपणहून का करीत नाहीत, हा प्रश्न मॅन्युएल आडेलिनो, क्रिस्टोफर जेरार्डी व पॉल विलन यांनी २००९ मध्ये विचारला. त्यांचे उत्तर असे : काही थकबाकीदार मदतीशिवायही सावरतात, त्यांना दिलेली सूट वाया जाते. काही मदतीनंतरही थकतात, त्यांच्या बाबतीत केवळ विलंब होतो. मधला गट कोणता हे आधी ओळखता येत नाही. सरकारी योजनेलाही ही अडचण चुकत नाही. याउलट, जप्तीचा तोटा दोन पक्षांपुरता राहत नाही, हा हस्तक्षेपाचा मुख्य आधार. मॅसॅच्यूसेट्समधील व्यवहारांवरून जॉन कॅम्बेल, स्टेफानो जील्यो व पराग पाठक यांनी २०११ मध्ये दाखविले की, जप्त घर सरासरी २७ टक्के कमी भावाने विकले जाते आणि अगदी लगतच्या घरांची किंमतही सुमारे १ टक्क्याने उतरते. सँटेलीच्या प्रश्नाला अर्थशास्त्राचे जर काही उत्तर असेल तर ते हे. मात्र १ टक्का हा आकडा त्या उत्तराची मर्यादाही सांगतो.

मुद्दल माफ करावी की हप्ता कमी करावा, हा वाद दीर्घकाळ चालला. आतिफ मियान व अमीर सूफी यांनी २०१४ मध्ये, मुद्दल कपात टाळल्यामुळेच मंदी लांबली, असे प्रतिपादन केले. सरकारी ताब्यातील फॅनी मे व फ्रेडी मॅक या संस्थांचे नियामक एडवर्ड डीमार्को यांनी जुलै २०१२ मध्ये करदात्यांचे हित पुढे करून अशी कपात नाकारली होती. पीटर गॅनाँग व पास्कल नोएल यांच्या २०२० च्या अभ्यासाने या वादात अनपेक्षित प्रकाश टाकला. हप्ता तोच ठेवून केवळ मुद्दल घटविल्यास थकबाकीत फरक पडत नाही. तीच मुद्दल ठेवून हप्ता घटविल्यास मोठा फरक पडतो. ऋणकोच्या डोळ्यांपुढे ताळेबंद नसून महिनाअखेर असते. या निष्कर्षाने दोन्ही पक्षांची पंचाईत केली. मोठ्या कर्जमाफीची गरज त्याने कमी केली, तसेच ऋणको हिशेब मांडून फसवितात हा समजही ढिला केला.

२०२० नंतर : करोनाच्या साथीत २७ मार्च २०२० च्या कायद्याने, मध्यवर्ती सरकारचा आधार असलेल्या गृहकर्जांवर कोणताही पुरावा न मागता सहा महिने, व पुढे आणखी सहा महिने, हप्ते थांबविण्याची मुभा दिली. राहिलेले हप्ते बहुधा कर्जाच्या अखेरीस ढकलले गेले. हॅम्पच्या कागदपत्रांचा धडा येथे घेतलेला दिसतो. लक्षावधी ऋणकोंनी लाभ घेतला आणि जप्त्यांची लाट आली नाही. पण याच काळात घरांच्या किंमती वेगाने वाढल्या, त्यामुळे अडचणीतील ऋणकोस घर विकून मोकळे होता येत होते. श्रेय किती धोरणाचे व किती बाजाराचे, हे वेगळे काढणे अवघड आहे. भाडेकरूंच्या मदतीची स्थिती उलट होती. दोन कायद्यांनी मिळून ४६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली, ती शेकडो स्थानिक संस्थांमार्फत वाटावयाची होती, आणि जुलै २०२१ अखेर सुमारे ५ अब्जच वाटली गेली. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंना बाहेर काढण्यावरील देशव्यापी बंदी रद्द केली, तेव्हा बहुतांश पैसा तिजोऱ्यांतच होता.

माजी सैनिकांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत सरकार थकलेली कर्जे स्वतःच विकत घेऊन, बाजारात दर ७ टक्क्यांच्या आसपास असताना, २·५ टक्के व्याजाने फेररचित करीत असे. सुमारे १७ हजार कर्जांनंतर, करदात्यांवर अवाजवी जोखीम पडते या कारणास्तव, १ मे २०२५ पासून तीत नवे ऋणको घेणे बंद झाले. त्याच वर्षीच्या जुलैअखेर संमत झालेल्या कायद्याने तिच्या जागी मूळ कर्ज जुन्याच दराने चालू ठेवून केवळ थकीत रक्कम अखेरीस ढकलण्याची तरतूद केली.